दुबईला बिऱ्हाड न्यावे काय?

कमाई दिरहमची आणि खर्चही दिरहमचा झाला, की जुना हिशेब चालत नाही

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील खाडीकाठच्या मोहल्ल्यांना आखात नवे नाही. कोणाचा भाऊ दुबईत एसी मेकॅनिक आहे, कोणाचा जावई शारजात सुतारकाम करतो, कोणाचा मुलगा देरा बाजारातील दुकानात सेल्समन आहे. या कमाईवर कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, धाकट्यांची शिक्षणे झाली आणि गावातील बाजारपेठेत दुकानेही निघाली. या साऱ्या व्यवहाराची रीत ठरलेली होती. माणूस तिकडे राहील, संसार इकडे राहील, आणि दरमहा पैसे घरी येतील.

आता प्रश्न बदलला आहे. तिकडे असलेला तरुण विचारतो, बायको-मुलांना इकडे आणू काय? गावात बरे दुकान असलेला व्यापारीही विचारतो, सगळा कारभार आवरून दुबईतच स्थायिक झालो तर? दोघांच्याही मनात अधिक कमाईपेक्षा चांगल्या राहणीची ओढ आहे. रुंद रस्ते, स्वच्छ बाजार, न जाणारी वीज, रात्री उशिरादेखील बायकामुलांना बिनधास्त फिरता येईल अशी वस्ती, हाकेच्या अंतरावर मशीद, मांस हलाल आहे की नाही हे विचारण्याची गरज नाही, आणि मुंबईपासून विमानाने अवघ्या तीन तासांचा प्रवास. ही ओढ चुकीची म्हणता येणार नाही. वर्षातून एक महिना मुलांचे तोंड पाहणाऱ्या बापाला ती अधिकच लागते.

परंतु हा सौदा जुन्या सौद्याहून अगदी निराळा आहे. व्यापारी माणूस माल घेण्यापूर्वी भाव, वजन आणि परतीची अट पाहतो. बिऱ्हाड हलविण्यापूर्वीही तेच केले पाहिजे.

रुपयाचा जमाना

आज अनेकांना आश्चर्य वाटेल, पण एके काळी दुबईच्या बाजारात भारताचा रुपया चालत असे. १९५९ साली भारत सरकार आणि भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा दुबई आणि शेजारच्या अमिरातींनी तो सोडून दिला. २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली आणि १९७३ साली दिरहम हे चलन आले. त्याच साली तेलाचे भाव कडाडले आणि कारागिरांची मागणी वाढली. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या 'द्वारका' बोटीचे नाव जुन्या मंडळींच्या अजून लक्षात असेल. ती बोट १९८२ साली बंद झाली आणि त्यानंतरचा सारा काळ विमानाचा.

१९९७ पासून दिरहम अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, हा दर तेव्हापासून हललेला नाही. त्या वर्षी एक डॉलर सुमारे ३६ रुपयांना होता, म्हणजे एक दिरहम दहा रुपयांच्या आतच. २०२४ साली एक दिरहम सुमारे पावणेतेवीस रुपयांना पडत होता. दिरहम जागच्या जागी राहिला, रुपया उतरत गेला.

घरी पैसे पाठविणाऱ्याला याचा मोठा फायदा झाला. त्याचा पगार वाढला नाही तरी गावात पोहोचणारी रक्कम वाढत गेली. आखाताच्या कमाईतील बरकतीचे हेच खरे गुपित आहे. कमाई महाग चलनात आणि खर्च स्वस्त चलनात. तिकडे एका खोलीत सहा-आठ जणांनी बेडस्पेस घेऊन राहायचे, मेसमध्ये जेवायचे, आणि वाचलेला प्रत्येक दिरहम कोकणात आणून खर्च करायचा.

बिऱ्हाड तिकडे नेले की खर्चही दिरहमचा होतो. मग रुपया कितीही उतरला तरी त्याचा लाभ फक्त शिल्लक रकमेवर मिळतो. शिल्लकच नसेल तर लाभही नाही.

एक नमुना हिशेब

एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, एका फोरमनला महिना ८,००० दिरहम मिळतात. तो एकटा राहतो. बेडस्पेस, जेवण, फोन, जाणे-येणे मिळून २,५०० खर्च होतात. उरलेले ५,५०० दिरहम तो घरी पाठवतो. पावणेतेवीसच्या दराने ते सव्वा लाख रुपये होतात. तालुक्याच्या गावी या पैशांत कुटुंब सुखाने राहते आणि काही मागेही पडते.

आता तोच फोरमन बायको आणि दोन मुलांना नेतो. लहानसा फ्लॅट वर्षाला ६०,००० दिरहमला मिळाला असे धरू. म्हणजे महिन्याला ५,००० भाडे. त्यावर २५० दिरहम नगरपालिकेचे गृहशुल्क. वीज, पाणी, गॅस आणि एसीचे ५५०. किराणा, मासळी, दूध १,६००. दोन मुलांची शाळा आणि स्कूलबस १,४००. जाणे-येणे आणि फोन ७००. कुटुंबाचा विमा, व्हिसाची फी आणि वर्षातून एकदा गावी येण्याची तिकिटे यांसाठी दरमहा बाजूला काढायचे ५००. बेरीज झाली १०,०००.

म्हणजे ८,००० पगाराच्या माणसाला महिन्याला २,००० दिरहम कमी पडतात. आणि पगार १२,००० असेल तर २,००० उरतात. एकटा असताना ८,००० पगारातून साडेपाच हजार वाचत होते, कुटुंबासह १२,००० पगारातून दोनच हजार वाचतात. पगार दीडपट झाला, पण बचत निम्म्याहून खाली आली.

शिवाय गावातील चूल विझत नाही. म्हातारे आई-वडील तेथेच असतात. घराची पट्टी भरायची असते, पावसाळ्यापूर्वी डागडुजी करायची असते, औषधपाणी पाहायचे असते. अशा वेळी एका माणसाच्या पगारावर दोन चुली पेटतात. या हिशेबात गावची चूल अजून धरलेलीच नाही.

घर घेताना पहिल्याच दिवशी किती?

आपल्याकडे भाडे महिन्याच्या महिन्याला देण्याची सवय आहे. दुबईत भाडे वर्षाचे ठरते आणि ते पुढील तारखांच्या चेकने द्यावे लागते. कोणी एक चेक मागतो, कोणी दोन, कोणी चार. चेक जितके कमी, तितके भाडे थोडे उतरते. ज्याच्याजवळ आगाऊ रक्कम नाही त्याला घर महाग पडते.

वरच्या उदाहरणातील ६०,०००चा फ्लॅट चार चेकवर घेतला, तर पहिला चेक १५,०००चा. साधारण प्रथेप्रमाणे अनामत पाच टक्के, म्हणजे ३,०००. दलाली पाच टक्के, आणखी ३,०००. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी 'देवा' या सरकारी प्राधिकरणाकडे फ्लॅटसाठी २,००० दिरहम अनामत. एकूण २३,००० दिरहम, म्हणजे सव्वापाच लाख रुपये. यात पलंग, फ्रीज, भांडी आणि विमानाची तिकिटे आलेली नाहीत. ही रक्कम हाताशी नसताना उधार-उसनवार करून किंवा व्याजाने काढून जो जातो, त्याची पहिली दोन वर्षे केवळ फेडण्यात जातात.

भाडेकरार 'इजारी' पद्धतीत नोंदविणे बंधनकारक आहे. त्याशिवाय वीजजोडणी आणि कुटुंबाच्या व्हिसाचे काम अडते. भाडेकरूला कायद्याचे संरक्षणही चांगले आहे. करारात बदल किंवा भाडेवाढ करायची असेल तर मालकाने मुदत संपण्यापूर्वी ९० दिवस कळवावे लागते. २०१३ च्या हुकुमानुसार वाढीची मर्यादा ठरलेली आहे. आपले भाडे परिसरातील दरापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ करता येत नाही. त्याहून जितके कमी असेल त्या प्रमाणात पाच ते वीस टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते. मालकाला घर विकायचे असेल किंवा स्वतः राहायचे असेल, तर त्याने बारा महिन्यांची रीतसर नोटीस द्यावी लागते. हे नियम माहीत नसल्यामुळे मालकाने सांगितलेला आकडा मुकाट्याने मान्य करणारे आपले बांधव पुष्कळ आहेत.

भाडे कमी म्हणून अनेक जण शारजा किंवा अजमानला घर घेतात आणि नोकरी दुबईत करतात. भाडे वाचते हे खरे. पण शारजा-दुबई रस्त्यावरची सकाळ-संध्याकाळची कोंडी प्रसिद्ध आहे. रोज दोन-तीन तास गाडीत गेले, की ज्या मुलांसाठी बिऱ्हाड आणले ती बाप घरी येईपर्यंत झोपलेली असतात. घर घेताना भाड्याबरोबर या तासांचाही हिशेब करावा. मेट्रो २००९ साली सुरू झाली. तिच्या जवळचे छोटे घर पुष्कळदा दूरच्या मोठ्या घरापेक्षा स्वस्त पडते, कारण गाडीचा, पेट्रोलचा आणि 'सालिक' टोलचा खर्च टळतो. आपला भारतीय वाहन परवाना तेथे थेट बदलून मिळत नाही. परीक्षा देऊनच, आणि साधारणपणे शिकवणी घेऊन, नवा घ्यावा लागतो आणि तो खर्च बहुधा काही हजार दिरहमच्या घरात जातो, हेही लक्षात असावे.

उन्हाची किंमत

जाहिरातीत दुबईचे निळे आकाश, समुद्र आणि ऊन दिसते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ खरोखर सुखाचा आहे. मुले बागेत खेळतात, समुद्रकिनारी फिरता येते. परंतु मे ते सप्टेंबर पारा ४० अंशांच्या वर जातो आणि त्यात समुद्राची दमट हवा मिसळते. मे महिन्यातील कोकणचा घाम ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही हे ऊन जड जाते. त्या महिन्यांत कुटुंब दिवसभर बंद घरात एसीखाली असते. घर घेताना ते 'चिलर फ्री' आहे काय, म्हणजे थंडाव्याचा खर्च भाड्यात धरला आहे काय, हे आधी विचारावे. नाहीतर उन्हाळ्यातील बिल पाहून डोळे पांढरे होतात.

उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करण्यास बंदी असते. गवंडी, वेल्डर, फिटर यांनी हा आपला हक्क समजून घ्यावा.

मुलांची शाळा

बिऱ्हाड नेण्याचे सर्वांत मोठे कारण मुलांचे शिक्षण असे सांगितले जाते. तेथे भारतीय अभ्यासक्रमाच्या खासगी शाळा आहेत आणि त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. ब्रिटिश आणि अमेरिकन शाळांपेक्षा त्या स्वस्त असतात. दुबईत खासगी शाळांच्या फीवाढीवर सरकारी प्राधिकरणाचे नियंत्रण आहे. तरीही फी, बस, गणवेश, पुस्तके धरून दोन-तीन मुलांचा खर्च पगाराचा मोठा हिस्सा खातो. स्वस्त शाळांतील जागा लवकर भरतात, म्हणून प्रवेश पक्का झाल्याखेरीज गावच्या शाळेतून दाखला काढू नये.

मराठी किंवा उर्दू माध्यमात सहावी-सातवीपर्यंत शिकलेल्या मुलाला एकदम इंग्रजी माध्यमात बसविणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. न्यायचेच असेल तर लहान वयात न्यावे किंवा दहावी होऊ द्यावी.

बारावीनंतरचा विचारही आधीच करावा. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी राज्यातच उत्तीर्ण असावी लागते. दुबईत बारावी केलेला मुलगा तेथे मागे पडू शकतो. अभियांत्रिकीसाठी एक वाट आहे. मान्यताप्राप्त तंत्रशिक्षण संस्थांना मंजूर जागांखेरीज १५ टक्के अधिसंख्य जागा परदेशी नागरिक, भारतीय वंशाचे परदेशस्थ आणि आखातात काम करणाऱ्या भारतीयांची मुले यांच्यासाठी ठेवता येतात. त्यांतील एक तृतीयांश जागा आखातातील भारतीयांच्या मुलांच्या असतात. आपल्यातील फार थोड्या पालकांना ही सवलत माहीत आहे.

कुटुंबाचा व्हिसा कोणावर टांगलेला?

२०१९ पासून कुटुंबाच्या व्हिसासाठी हुद्द्याची अट राहिलेली नाही. महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० पगार आणि राहण्याची जागा, एवढे असले की कमावता माणूस बायको-मुलांना प्रायोजित करू शकतो. हा आकडा ऐकून पुष्कळ जण हुरळून जातात. लक्षात ठेवावे, ही व्हिसा मिळण्याची अट आहे. तेवढ्या पगारात संसार चालेल असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

कुटुंबाचे तेथील राहणे हे कमावत्या माणसाच्या नोकरीवर टांगलेले असते. नोकरी गेली, की त्याच्या व्हिसाबरोबर सगळ्यांचा व्हिसा जातो. काही काळाची मुदत मिळते, तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची नाहीतर घर, शाळा, सामान सारे आवरून परतायचे. २००८ च्या अखेरीस आलेल्या मंदीत हे झाले. २०२० च्या कोरोनाच्या साथीत तर ते सर्वांनी पाहिले. त्या वर्षी ७ मेपासून सरकारने 'वंदे भारत' विमाने सोडली, तेव्हा त्यांत नोकऱ्या गमावलेली किती तरी माणसे बायको-मुलांसह होती. एकटा माणूस अशा वेळी बॅग उचलून येतो. बिऱ्हाड असलेल्याचे भाड्याचे चेक मालकाकडे पडून असतात आणि मुलांचे शाळेचे वर्ष अर्धे झालेले असते.

तेथे कितीही वर्षे राहिले तरी नागरिकत्व आपोआप मिळत नाही. २०२१ साली काही निवडक लोकांना ते देण्याची तरतूद झाली, पण ती सरकारी शिफारशीने, सामान्य माणसाच्या अर्जावर नव्हे. २०१९ साली आलेला 'गोल्डन व्हिसा' दहा वर्षांचा असतो. मालमत्तेच्या आधारे तो हवा असेल तर वीस लाख दिरहमची मालमत्ता लागते, म्हणजे २०२४ च्या दराने साडेचार कोटी रुपये. आपल्या बहुतेक बांधवांच्या बाबतीत एवढेच खरे, की एक दिवस परत यायचे आहे. बिऱ्हाड नेताना परतीची वाट आखलेली असावी.

परत येताना हातात काय?

तेथे पगारावर प्राप्तिकर नाही. त्यामुळे पगार आपल्याकडील पगारापेक्षा भरघोस वाटतो. पण परदेशी कामगाराला तेथे पेन्शनही नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, आणि ती मूळ पगारावर मिळते, एकूण पगारावर नाही. हा भेद नोकरीच्या करारावर सही करताना पाहावा. फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्याप्रमाणे एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. मूळ पगार ३,००० दिरहम असलेल्या माणसाला दहा वर्षांनी २५,५०० दिरहम मिळतील. दहा वर्षांच्या मेहनतीनंतर एवढ्या रकमेत गावात धंदा उभा राहत नाही. म्हणून जी काही म्हातारपणाची पुंजी असेल ती आपली आपणच जमवायची आहे.

पैसे बँकेतून किंवा अधिकृत एक्सचेंजमधूनच पाठवावेत. हुंडी-हवाल्यात दोन पैसे जास्त मिळतात, पण तो परकीय चलन कायद्याचा भंग आहे. पुढे घर किंवा दुकान घेताना पैसा कोठून आला हे दाखविता येत नाही. अनिवासी झाल्यावर आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते बदलून घ्यावे आणि परदेशी कमाईसाठी एनआरई खाते उघडावे.

दुकानदाराने काय पाहावे?

स्वतःचा धंदा काढू इच्छिणाऱ्यांना एक मोठा बदल सोयीचा झाला आहे. पूर्वी मुख्य बाजारपेठेत कंपनी काढायची तर ५१ टक्के वाटा स्थानिक नागरिकाच्या नावावर ठेवावा लागे. त्यात विश्वासावर चाललेले अनेक धंदे बुडाले. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी माणूस शंभर टक्के मालक होऊ शकतो.

मात्र 'तेथे कर नाही' हे आता जुने झाले. १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आहे आणि वर्षाची उलाढाल ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची आहे. २०२३ पासून ३,७५,००० दिरहमवरील नफ्यावर नऊ टक्के कंपनी कर लागतो. त्याखेरीज ट्रेड लायसन्स, दुकानाचे भाडे, प्रत्येक नोकराचा व्हिसा आणि विमा, हे सारे गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वीच भरावे लागते. फ्री झोनचे लायसन्स स्वस्तात देऊ म्हणणारे एजंट भेटतात. पण त्या लायसन्सवर शहरातील बाजारात किरकोळ दुकान थाटता येत नाही, हे ते सांगत नाहीत.

भारतातून भांडवल न्यायचे तर एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, पण वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढील रकमेवर बँक आगाऊ कर कापून घेते. तो पुढे हिशेबात धरला जातो, तरी तेवढी रोकड अडकते.

आणि एक विचार करून पाहावा. दुबईच्या बाजारातून कमवायचे तर दुबईत राहिलेच पाहिजे असे नाही. भारत आणि अमिराती यांच्यातील व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला आणि बऱ्याच मालावरील जकात उतरली. हापूस, मसाले, तयार कपडे, हातकाम केलेले फर्निचर हा माल तेथे जातोच. ज्याच्याजवळ माल आहे आणि तेथे विश्वासाचा नातेवाईक आहे, त्याने आधी माल पाठवून बाजार पाहावा. दोन-तीन हंगाम जमले तर बिऱ्हाडाचा विचार करावा.

एजंटांपासून सावध

व्हिजिट व्हिसावर या, नोकरी मिळवून देतो, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. व्हिजिट व्हिसावर काम करणे हा तेथे गुन्हा आहे. 'आझाद व्हिसा' म्हणून जो विकला जातो त्याला कायद्यात जागा नाही. एकाच्या नावाचा व्हिसा आणि दुसऱ्याकडे काम, हे पकडले गेले की माणूस, दंड आणि परतीचे तिकीट सारे आपल्याच गळ्यात पडते. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे एमिग्रेशन तपासणीची अट असते. त्यांनी सरकारच्या ई-मायग्रेट नोंदणीतूनच जावे. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढीच फी घेता येते. त्याहून अधिक मागणाऱ्याकडून पावती मागा, तो आपोआप ओळखला जाईल. अशा कामगारांसाठी दहा लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा आहे, त्याचा हप्ता दोन वर्षांना अवघा २७५ रुपये आहे.

मग कोणी जावे?

ज्याचा पगार नमुना हिशेबासारखा सारा खर्च भागवून निदान चौथा हिस्सा मागे टाकू शकतो, ज्याच्याजवळ सहा महिन्यांचा खर्च निराळा ठेवलेला आहे, ज्याची मुले लहान आहेत आणि गावी आई-वडिलांची सोय लागलेली आहे, त्याने जरूर जावे. पत्नी शिकलेली असेल आणि तीही नोकरी करू शकत असेल तर हिशेब आणखी सोपा होतो. तेथे दोन पगारांवरच बहुतेक संसार नीट चालतात.

ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, बहिणीचे लग्न किंवा घराचे बांधकाम बाकी आहे, किंवा पगाराचा बराचसा भाग ओव्हरटाइमवर अवलंबून आहे, त्याने घाई करू नये. मधला मार्गही आहे. हिवाळ्यात महिना-दोन महिने कुटुंबाला व्हिजिट व्हिसावर न्यावे. बायकोने तेथील बाजार पाहावा, मुलांनी शाळा पाहावी, बापाने त्या दोन महिन्यांचा पै-पैचा हिशेब लिहून ठेवावा. मग घरात बसून सर्वांनी मिळून ठरवावे. हा निर्णय एकट्या कमावत्या माणसाचा नाही. एकत्र कुटुंबातून निघून चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये दिवस काढायचे आहेत ते बहुधा त्याच्या बायकोला.

आणि जे नेतील त्यांनी मन घट्ट करून एक गोष्ट मान्य करावी. मुलांबरोबर रोज संध्याकाळी जेवायला बसणे ही मोठी नेमत आहे आणि तिला दाम आहे. तो दाम देण्यात गैर काही नाही. मात्र पूर्वीइतके पैसे आता गावी येणार नाहीत, हे आई-वडिलांना, भावंडांना जाण्यापूर्वीच स्वच्छ सांगावे. 'दुबईला बिऱ्हाड केले आणि घर विसरला' असा ठपका पुष्कळांवर येतो, तो बहुधा न सांगितलेल्या हिशेबामुळे येतो. कागद, पेन्सिल घेऊन वरच्या रकमा एकदा आपल्या घरच्या मंडळींसमोर मांडाव्यात. तिकिटे त्यानंतर काढावीत.